कानांतले चार-चार हिरे

जगनमामा गेल्याचा निरोप ऑफिसच्या फोनवर आला तेव्हा मी हाँगकाँगचं पार्सल बांधत होतो. फोन ठेवला आणि पार्सल पुरं बांधूनच उठलो... माझा हा स्वभाव मला आता सहन होत नाही. मामांना जाऊन दीड महिना झाला.

मामा अमळनेरकडचे. सुरतेत कतारगामला एका जिन्याखालच्या खोलीत बसून दागिन्यांत हिरे बसवायचे. त्यांनी बसवलेला हिरा कधी हलला नाही, आणि कुणी तसं कौतुक केलं की चिडायचे. मला सुरतेला त्यांनीच आणलं, एका हिरेव्यापारी शेठकडे त्यांनीच चिकटवलं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षी हाँगकाँगचा व्यापारी बायकोसह येणार होता. तिला कानातले भेट द्यायचं ठरलं. चिनी लोकांत आठ भरभराटीचा आकडा, चार मरणाचा. त्यांच्या पार्सलात आम्ही चार नग कधी घालत नसू. कारागिराला हे सगळं नीट समजाव, असं शेठनी मला बजावलं होतं. मी जाता जाता मामांना एवढंच सांगितलं, "आठ हिरे."

मामांनी जोडीत आठ बसवले. एका कानात चार, दुसऱ्यात चार. ते डबी घेऊन आले, मी उघडून पाहिली आणि चूक लगेच कळली. पण पाहुणे जिना चढत होते. म्हटलं, जाईल खपून.

बाईंनी हिरे मोजले, डबी मिटली आणि टेबलाच्या पार टोकाला सरकवली. पाहुणे पाच मिनिटांत उठले. ते गेल्यावर, चार कुणी सांगितले म्हणून शेठ गुजरातीत ओरडले, "चार कोणे कह्या?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, डबीतले हिरे मोजून दाखवले. "तू आठ सांगात ना रे? आठच शेतस."

मी खाली मान घालून उभा राहिलो. नोकरी जाईल एवढंच डोक्यात होतं. गेलं ते मामांचं काम. शेठनी बाजारभर त्यांना अपशकुनी ठरवलं, आणि तसला कसबी माणूस शेवटपर्यंत सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात साड्यांच्या घड्या घालत राहिला. अपशकुन आकड्याचा नव्हताच, माझ्या भित्रेपणाचा होता.

परवा सुरतेतच गोडादऱ्याला मामीकडे गेलो. तिने मामांचा हिरे धरायचा चिमटा माझ्या हातात ठेवला. "त्यास्नी तुले कधी दोष नई दिधा. म्हणेत, भाचाले तरी कोठे माहीत व्हतं?"

"मामी... मला माहीत होतं."

तिने चिमटा माझ्या हातातून काढून घेतला, पदराने पुसला आणि आत नेला. मग ती बाहेर आलीच नाही.