पेटीवाल्याचा भाऊ

बोरी अरबला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आसपासच्या गावांतली किती तरी फाटकं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या खिडक्यांचे गज माझ्या हातचे आहेत. तरी हल्ली बाजारात कोणी मला वेल्डर म्हणत नाही. ‘तो नाही का, पेटीवाल्याचा भाऊ,’ असं म्हणतात. पेटीवाला म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्याविषयी लिहायला बसलो की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचं काम असं. मोठ्या कारखान्यात किंवा पाइपलाइनवर वेल्डरनं मारलेला जोड वरून कितीही देखणा असला तरी आतून पोकळ आहे का भरीव, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून छातीचा काढतात तसा जोडाचा फोटो काढतात. त्यासाठी वीज लागत नाही, एक किरणोत्सारी गोळी लागते. ती पाटीवरच्या पेन्सिलीच्या तुकड्याएवढी असते आणि एका जडशीळ पेटीत बंद असते. ती माणसं त्या पेटीला कॅमेरा म्हणतात आणि गोळीला सोर्स. गोळी पेटीत आहे तोवर भीती नाही. पण ती बाहेर राहिली, हरवली, कोणी भंगार समजून खिशात घातली, तर त्या माणसाचं मांस जळतं आणि ते आधी कळतही नाही. त्यामुळे पेटीला कुलपं, पहारा, दर वेळी मोजमाप, सगळा थाट. थोडक्यात, जोड माझ्यासारख्यानं मारायचा आणि पास-नापास माझ्या भावानं करायचं.

याच भावानं पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर धरला तो माझ्या दुकानात. हात असा कापायचा की रॉड लोखंडाला चिकटून बसायचा, आणि मग तो माझ्याकडे असा पाहायचा की जणू रॉड मीच चिकटवला. मी तेव्हा पॉवर प्लांट दुरुस्तीला बंद ठेवतात त्या शटडाउनवर पाइपाचे जोड मारून आलेला गडी होतो. बाप गेला म्हणून ते काम सोडून घरी आलो, दुकान टाकलं, याला आयटीआय केलं, पुढे त्या फोटोच्या कोर्सला धाडलं. परका माणूस मोठा झाला असता तर मी त्याचे पेढे खाल्ले असते. हा माझ्या हाताखालून वर गेला, म्हणून जास्त झोंबतं.

त्यात आमची आई. आम्ही तांड्यावरचे बंजारा, आईला याडी म्हणतो. घरात आम्ही गोरबोलीत बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून आमचं बोलणं वऱ्हाडीत मांडतो. आमचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरायचे, वाटेत माल जिवापलीकडे जपायचे. याडी येईल-जाईल त्याला सांगते, “आमचा लहाना थेच काम करते. फकस्त बैल नाई, जीप हाय.” मोठा काय करतो, हे तिला कोणी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

मला तिच्याकडून फार काही नको होतं. माझा एक जोड भावाच्या पेटीखाली जावा, आतून साफ निघावा आणि तो फोटो याडीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, एवढंच. पूजेला बसल्यावर लोक संतती-संपत्ती मागतात, मी हे मागत होतो.

संधी घरी चालून आली असं मला वाटलं होतं. भाऊ तेव्हा मुकुटबनकडे एका कारखान्याच्या बांधकामावर होता. तिथून दारव्ह्याच्या बाजूला पाइपलाइनच्या कामासाठी पेटी घेऊन निघाला. जीपमध्ये पेटी ज्या लोखंडी चौकटीत कुलूपबंद बसते, तिची एक पट्टी खड्ड्यांनी तुटली, ती नेमकी बोरीत शिरताना. चौकट हलते आहे म्हटल्यावर पुढे जायचं नाही, असा त्यांचा नियम. माझ्या दुकानामागे मोकळं आवार आहे, वस्तीपासून जरा लांब. त्यानं जीप तिथे आणून लावली. सोबत त्याचा एक जोडीदार होता.

मी आतून आनंदलोच. चौकट लोखंडाची, तुटली माझ्या दारात, आणि पंचक्रोशीत वेल्डर मी. होल्डर घेऊन पुढे झालो.

“थांब भिया,” भाऊ म्हणाला. भिया म्हणजे आमच्यात भाऊ. “पेटी आत असताना आग लावता येत नाई.”

“मंग काढ पेटी बाहेर.”

“थेबी नाई. मी ऑफिसला कळवलं. नागपूरवरून दुसरी गाडी येऊन राह्यली. दोर हाय का तुह्याजवळ?”

मला वाटलं चौकट बांधायला मागतो आहे. ट्रॉलीवर कडबा आवळायचा दोर आणून दिला. त्यानं तो जीपच्या चारी बाजूंनी खुंट्या ठोकून ताणला, त्यावर पिवळ्या पाट्या अडकवल्या आणि मला म्हणाला, “आता या दोराच्या बाहेर उभा राह्य.” दोर माझा, आवार माझं, आणि बाहेर मीच! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गिऱ्हाइकं दुकान सोडून दोराशी जमली. एकाचा नांगर माझ्या दुकानात अर्धा पडून होता, तोही त्याला विसरला. भाऊ किरणं मोजायचं मीटर हातात घेऊन जीपभोवती फिरायचा, आकडा पाहायचा, जोडीदाराला सांगायचा. मध्येच त्याचा फोन वाजायचा. त्याच्या जीपवर असं यंत्र आहे की नागपूरच्या ऑफिसात पडद्यावर तिचा ठिपका दिसतो. ठिपका नको तिथे थांबला की लगेच फोन. “हो सर, बोरीलाच आहो. हो सर, पेटी नजरेसमोर आहे.” पुन्हा थोड्या वेळानं तेच. मी ऐकत होतो. मी सकाळी दुकानात गेलो का वाटेत विहिरीत पडलो, हे विचारायला आजवर मला कोणाचा फोन आलेला नाही.

मग याडी आली. तांड्यावर कोणी तरी सांगितलं असणार. डोक्यावर टोपलं, त्यात बाटी, म्हणजे आमची जवारीची भाकर, आणि आंबाडीची भाजी. ती सरळ आत निघाली तर भावानं तिलाही दोराशी थांबवलं. मला क्षणभर बरं वाटलं. पण ती रागावलीच नाही. उलट कौतुकानं म्हणाली, “पाहा, कसा जपते!” मी थांबवलं असतं तर टोपलं माझ्या डोक्यात बसलं असतं.

जेवायला तो बाहेर येईना. जोडीदाराला जीपपाशी उभं करून दोराला टेकून राहिला, एका हातात मीटर, दुसऱ्या हातात फोन. याडीनं दोराच्या अलीकडून घास केला आणि त्याच्या तोंडात घातला. चांगला मिशा फुटलेला बाप्या, त्याला सगळ्या बाजारादेखत भरवत होती. मीही सकाळपासून उपाशीच होतो. टोपल्यात उरलेली बाटी तिनं जोडीदाराला दिली.

ती गेल्यावर मी भावाला म्हणालो, “गाडी येईपर्यंत रिकामाच हायस. मी पाइपाचा एक जोड मारून देतो. काढ त्याचा फोटो.”

“जमत नाई भिया. कामाबिगर सोर्स बाहेर निघत नाई.”

“एका फोटोनं काय झिजते तुह्या पेटीचं?”

“झिजायचं नाई बोलून राह्यलो. इथं लोक हायत, लेकरं हायत. कायले पाह्यजे तुले?”

“कायले म्हणजे? तुले भेव हाय का माहा जोड साफ निघन म्हणून?”

हे मी मोठ्यानं बोललो. भाऊ लाल झाला. तो हळूच म्हणाला, “फोटोच पाह्यजे असन तर मुकुटबनले ये. तिथं वेल्डरची टेस्ट चालू हाय. नियमानं जोड मार, नियमानं फोटो निघन.”

नागपूरची गाडी आली. त्यांनी पेटी एका चौकटीतून दुसरीत नेली, कुलपं लावली, मीटर धरलं, निघून गेले. रिकाम्या जीपची पट्टी मग मी वेल्ड केली. ती इतकी सुरेख बसली की पाहत राहावं, पण पाहायला कोणीच उरलं नव्हतं.

मी मुकुटबनला गेलो. जाणार नाही असं त्याला वाटलं असेल तर तो मला ओळखत नाही.

तिथे पाइपाचे दोन तुकडे तिरपे बांधून ठेवले होते. ते फिरवायचे नाहीत, आपणच त्यांच्याभोवती फिरायचं, कधी वाकून, कधी मान मोडून. कैक वर्षं फाटकं जोडणाऱ्या माणसाला हे काम परत करताना घाम फुटतो. मला फुटला. पण हात विसरला नव्हता. पहिला थर आत बसला तेव्हाच आवाजावरून मला कळलं, की हा भरला. शेवटचा थर घासून झाल्यावर बाजूच्या वेल्डरनं विचारलं, “काका, आतापर्यंत कुठं होते?” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग दुपारच्या सुट्टीत फोटो काढायचं ठरलं, कारण तेव्हा माणसं कामावर नसतात. पेटी ठेवायची खोली मी तिथे पहिल्यांदा पाहिली. कुंपण, दार, आत जमिनीतला खड्डा, त्यावर लोखंडी झाकण. कुलपं दोन आणि किल्ल्या दोन माणसांकडे. एकटा कोणी उघडूच शकत नाही. भावानं सदरा वर करून किल्ली काढली, ती कमरेच्या करदोट्याला बांधलेली होती. लहानपणी तोच करदोटा धरून मी त्याला नदीवर पोहायला शिकवलं होतं. आता तिथे किल्ली.

आम्हा सगळ्यांना लांब दोराच्या मागे पाठवलं. शिट्टी झाली. माझा जोड तिकडे, भाऊ तिकडे, आणि मी परत दोराबाहेर. तो लांब उभा राहून, गोळी नळीतून जोडापर्यंत सरकवायचं हँडल फिरवत होता, मध्ये घड्याळ पाहत होता. काम झाल्यावर गोळी आत ओढली आणि मीटर समोर धरून पेटीकडे गेला. पेटीवर मीटर फिरवलं, नळीवर फिरवलं, कुलूप लावलं, पुन्हा मीटर. पेटी खड्ड्यात जाऊन झाकण पडेपर्यंत त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी माझी पोरगी सासरी धाडताना एवढी काळजी घेतली नव्हती. चीड आली, आणि तो फार देखणा दिसत होता याची आणखी चीड आली.

फिल्म धुऊन आली तर हा ती वाचायलाच तयार नाही. “सख्खा भाऊ हाय माहा, दुसऱ्यानं वाचावी,” असं त्यानं साहेबाला आधीच सांगून ठेवलेलं. मला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं, तेवढंही त्यानं मिळू दिलं नाही. एका म्हाताऱ्या साहेबानं फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, भिंग धरलं, बराच वेळ पाहिलं. “साफ,” तो म्हणाला. “एक डाग नाही.”

ते टेस्टचे तुकडे होते आणि एका जोडाच्या दोन फिल्म निघतात, म्हणून मागितल्यावर जास्तीची एक मला मिळाली. ती मी पुठ्ठ्यात घालून, एसटीत मांडीवर धरून आणली. कोणाच्या कोपराचा धक्का लागू दिला नाही. त्या आठवड्यात भाऊही घरी येणार होता, पेटीशिवाय. मी मुद्दाम तो येईपर्यंत थांबलो. याडीनं त्याच्यासमोरच पाहायला हवं होतं.

तो आला. अंगणात खाटेवर बसला. मी पुठ्ठा उघडला आणि फिल्म याडीच्या हातात दिली. तिनं ती उलटी धरली, मग सुलटी, मग दोन्ही हातांनी उन्हात वर केली. काळ्या फिल्मवर मधोमध एक फिकट पट्टा, कडेपासून कडेपर्यंत सारखा. ती डोळे बारीक करून पाहत राहिली.

भाऊ तरी कृतघ्न निघाला नाही. तो स्वतः म्हणाला, “याडी, हा भियाचा जोड हाय. लोखंडाच्या आतला. नीट पाह्य, एकबी डाग नाई.”

“लोखंडाच्या आतला?” याडीनं विचारलं.

“हो. आतला.”

तिनं फिल्म खाली केली. डोळ्यांत पाणी आलं होतं. ती उठली, भावापाशी गेली, दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, “बाप्पा! लोखंडाच्या आतला फोटो, अन् केवढा साफ काढला रे माह्या लेकरानं!”

मग माझ्याकडे वळली. “तू कायले उभा हायस? उन्हातून आला थो. पानी दे त्याले.”

मी पाणी आणलं.