सायीची ओवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नाही.

चलेजावनंतरचं वर्ष. आमचं गाव वडूजजवळ. धाकटा दीर भूमिगत — डोंगरात कुठंतरी, पोलीस त्याच्या मागावर. नवा कासार आला तरी बांगड्या भरायच्या आधी बायका त्याची चाल बघायच्या — पोलिसाची तर नाही? भिंतींनाही कान होते तेव्हा.

अशात औंधाकडचे एक मास्तर जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवायला यायला लागले. म्हणायचे, गिरण्या आल्या, आता हे गाणं मरणार. सासूबाई काय खुलल्या! डोंगरातल्या लेकावरच्याही ओव्या दिल्या — नावासकट. ओवीत लेकाचं नाव गुंफायची रीतच आहे.

आणि एकदा ही ओवी गायल्या. मला शब्दन्शब्द आठवते :

दूध प्यालं मांजरानं, सून सांगते सासूला
मांजराची मिशी कोरी, साय सुनंच्या ओठाला

ती सून मी. मास्तर पोट धरून हसले, पुन्हा म्हणायला लावली, लिहून घेतली. वर म्हणाले, पुस्तकात छापीन. खोटं होतं का ते? छे! साय मीच खाल्ली होती — म्हणून तर मिरच्या झोंबल्या. जन्मभर पुस्तकात चोर म्हणून राहायचं?

बाजार करून वडूजहून आले आणि नवऱ्याला म्हटलं, "आवं, त्यो मास्तर चौकीतनं भाईर पडताना बघितला मी."

पाहिलं नव्हतं. मास्तर त्या दिवशी मला दिसलेसुद्धा नव्हते.

पुढं मला काही करावंच लागलं नाही. मास्तर आले तसे चौघांनी चावडीपाशी अडवले, वही हिसकावली, दोन ठेवूनही दिल्या. ते एवढंच म्हणत राहिले — वाचून तरी बघा. पण वाचून काय होणार होतं? आत दिराचं नाव होतंच की! औंधातही त्यांच्यावर पोलिसांचा खबऱ्या म्हणून शिक्का बसला म्हणतात. मी कधी चौकशी केली नाही.

वही सासूबाईंनी स्वतःच्या हातानं चुलीत घातली. एकेक पान फाडून. फुंकणीनं जाळ कुणी केला? मीच.

"माज्याच तोंडानं माज्या लेकराला धरून देत हुते गं," त्या म्हणाल्या.

दीर सुखरूप परत आला. तरी त्या गाईनात. एकदा मी म्हटलं, "आत्याबाई, आता म्हना की."

"नगं. माज्या तोंडाचा भरवसा न्हाई."

त्यानंतर सहा वर्षं रोज पहाटे आम्ही दोघी एकाच खुंट्याला हात लावून दळत बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. नुसता दगडाचा आवाज. मी एक वाक्य बोलले असते तर त्या गायल्या असत्या. मला हे रोज कळत होतं. त्या गेल्या, तोवर मी ते बोलले नाही.