एक तास तपासलेलं कार्ड

सगळे त्यांना सापडेलकाका म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर होतं, तेवढंच. कुठल्याही कारखान्यातून फोन यायचा, की पंचवीस वर्षांपूर्वीचं अमुक नंबरचं कार्ड गेलंय, बनवणाऱ्या कंपनीने ते बनवायचं केव्हाच सोडून दिलंय, आता काय करायचं? काका जरा थांबत, चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "सापडेल."

आणि सापडायचं. मोठ्या यंत्रांच्या शेजारी एक लोखंडी कपाट असतं, त्याला पॅनेल म्हणतात, त्यात तळहाताएवढी कार्डं ओळीने खोचलेली असतात. कोणती मोटर कधी सुरू व्हायची, कोणती कधी थांबायची, हे ती कार्डं ठरवतात. त्यातलं एक गेलं की अख्खा कारखाना हात बांधून बसतो. सगळंच नवं बसवायचं म्हटलं तर महिना-दोन महिने काम बंद. तेवढा वेळ कोणापाशी असतो? मग जुनंच जगवायचं. त्यासाठी काका बंद पडलेल्या कारखान्यांच्या लिलावांना जात, भंगाराची आवारं पालथी घालत, निवृत्त इंजिनियरांच्या माळ्यावरची खोकी उघडून बघत. एकदा तर एका कार्डासाठी त्यांनी एका विधवा बाईंचं अख्खं कोठीघर आवरून दिलं होतं.

घराची मागची खोली म्हणजे त्यांचं दुकान. तिथे तीन फळ्या होत्या. वरच्या फळीवर चांगली कार्डं, खालच्या फळीवर मेलेली, आणि मधल्या फळीवर आजारी.

"घरी पाहुणा आला तर त्याला टेकायला जागा नाही," त्यांची बायको म्हणायची, "आणि तुमच्या आजाऱ्यांना मात्र अख्खी फळी!"

"ते आल्यागेल्याला चहा मागत नाहीत," काका म्हणायचे.

काकांचे दोन नियम होते. एक, बाहेर जाणारं प्रत्येक कार्ड आठ तास टेबलावर चालवून बघायचं, तेही पत्र्याच्या डब्यात, बाजूला दिवा पेटता ठेवून. थंडीत बरं वाटणारं कार्ड तापलं की खरं बोलतं, असं ते म्हणत. दुसरा नियम, मेलेल्या कार्डाचे सोनेरी दात कात्रीने कापायचे. दात म्हणजे कार्डाची खोचायची कड. ती कापली की ते कार्ड कोणाच्या हाती लागलं तरी चांगलं म्हणून खपवता येत नाही. धंद्यातले बरेच लोक एवढे सोवळे नव्हते. काका होते, आणि आपण आहोत याचा त्यांना थोडा गर्वही होता.

फक्त मधल्या फळीपाशी त्यांचा हात अडायचा. तासभर चालून मान टाकणारं कार्ड धड मेलेलंही नसतं. कात्री उचलायची, परत ठेवायची. अजून धुगधुगी आहे, लागेल कधीतरी.

कागदाच्या कारखान्यातले वायरमन हे त्यांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि खरं तर दोस्तच. वय जवळजवळ सारखं. काका पिशवी घेऊन फाटकातून आत आले की वायरमन लांबूनच ओरडायचे, "काय काका, आज कोणत्या मढ्याच्या टाळूवरचं लोणी आणलंत?" आणि काका म्हणायचे, "तुमच्याच पॅनेलसाठी आहे, त्याचाही एक पाय स्मशानातच आहे."

त्या पॅनेलचं एक कार्ड एका सकाळी गेलं. तसलं चांगलं कार्ड काकांपाशी नव्हतं, पण लांबच्या एका व्यापाऱ्याकडे होतं. त्याने पाठवलं, आणि ते वाटेत कुठेतरी अडकलं. वायरमनचे दिवसातून चार-चार फोन.

"काका, नवे साहेब माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत हो. म्हणतात, कॉम्प्युटरवर शोधलं असतं तर एव्हाना आलं असतं. मी म्हटलं, आमचे काका म्हणजे कॉम्प्युटरचे बाप. आता माझी लाज राखा."

गेली दोन-तीन वर्षं असंच काही ना काही कानावर यायचं. सापडेल ना नक्की? की दुसरीकडे बघू? "सापडत नाही" हे शब्द काकांनी आयुष्यात उच्चारले नव्हते, आणि तेव्हाही त्यांच्या तोंडून ते बाहेर पडले नाहीत. त्यांनी मधल्या फळीवरून त्याच नंबरचं कार्ड उचललं. टेबलावर तासभर चालवलं. चाललं. दिवा त्यांनी पेटवला नाही. का पेटवला नाही, हे त्यांना त्याच क्षणी पक्कं माहीत होतं. तरी मनाशी म्हणाले, मागच्या वेळी टेबलाचीच वायर ढिली असेल.

दुपारी कार्ड वायरमनच्या हातात देताना ते म्हणाले, "तपासलंय."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला, पॅनेल तापल्यावर, कार्ड जळालं. कागद ओढणारे पुढचे रूळ थांबले, मागचे फिरत राहिले, आणि ओल्या कागदाचा डोंगर मधोमध साचला. तो उपसायलाच दिवस गेला. साहेबांनी दोघांना पॅनेलच्या खोलीत बोलावलं. टेबलावर ते कार्ड, एक कोपरा काळा पडलेला.

"दोष कार्डात होता?" साहेबांनी विचारलं.

काकांनी कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं. चालू लाइनीवर खोचलेल्या कार्डाचे दात काळे पडतात, याचे स्वच्छ होते. आणि तीस वर्षं प्रत्येक जळक्या कार्डाबरोबर ते जो प्रश्न विचारत आले होते, तोच त्यांच्या तोंडून निघाला.

"खोचताना मेनचा खटका काढला होता ना? चालू लाइनीवर खोचलं की कार्ड दुखावतं, मग तापलं की असंच जळतं."

एरवी हा प्रश्न नुसता रिवाजाचा. त्या दिवशी काकांनी तो ढालीसारखा पुढे धरला होता.

वायरमन हसले. "काढला होता की! मी काय नवशिका आहे?" मग साहेबांकडे बघून त्यांचं हसू ओसरलं. "काढला होता... बहुतेक. म्हणजे रोजचंच काम ना, हात आपोआप चालतात."

"बहुतेक?" साहेब म्हणाले.

काकांना एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले ते दुसरंच.

"कार्ड तपासूनच दिलं होतं."

हे तर खोटंही नव्हतं.

चार दिवसांनी वाटेत अडकलेलं कार्ड आलं. काकांनी ते आठ तास डब्यात दिवा लावून चालवलं, स्वतः जाऊन बसवलं, आणि कारखाना सुरू झाला. साहेबांनी हात हातात घेतला. "तुम्ही होता म्हणून निभावलं." काकांनी हात सोडवून घेतला आणि पिशवी आवरायला लागले. पिशवीत आवरण्यासारखं काही नव्हतं. वायरमनना स्टोअरच्या खिडकीत बसवलं होतं, नटबोल्ट आणि हातमोजे मोजून द्यायला. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

त्यानंतर तीन आठवडे काकांनी स्वतःची खूप समजूत घातली. स्टोअरचं काम काय वाईट आहे? बसून काम, शॉक बसायची भीती नाही, पगार तोच. आठ महिन्यांनी सुटणारच होते. पण फोन वाजला की "सापडेल" म्हणायला जीभ रेटेना. "बघतो," म्हणायचे आणि फोन ठेवायचे. एका दुपारी त्यांनी मधल्या फळीवरच्या एकूण एक कार्डाचे दात कापले. बायकोने मोकळ्या फळीवर पांघरुणं रचली.

"सोन्यासारखी जागा झाली," ती म्हणाली. "पण तुम्ही असे का बसलात? पोट बिघडलंय का?"

"हो," काका म्हणाले. सांगायला ते सोपं होतं.

मग कारखान्यातून एका किरकोळ कामासाठी बोलावणं आलं. काका स्टोअरच्या बाजूने जाणार नव्हते, पण पावतीवर शिक्का तिथेच मिळायचा. वायरमन खिडकीत बसले होते. लांबून ओरडले नाहीत. शिक्का मारला, पावती सरकवली. तेवढ्यात एक फिटर डोकावला.

"दादा, इथल्या पंख्याची वायर लोंबतेय, जरा हात लावता का?"

"दुसऱ्या कोणाला तरी बोलव बाबा. माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला."

फिटर गेला. मग वायरमन काकांना हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत, ते बरं केलंत काका. माझ्या लक्षातच आलं नसतं. आज कार्ड जळलं, उद्या एखादा माणूस चिकटला असता माझ्या हातून."

काका पावती घेऊन फाटकापर्यंत गेले. तिथे पहारेकऱ्याने पावती मागितली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती त्यांनी मुठीत चुरगाळून टाकली आहे. ते मागे वळले आणि जिना चढून साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पाऊण तास बसले. आत गेल्यावर सगळं सांगायला मात्र दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

साहेबांनी ऐकून घेतलं. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

त्यांनी कोरे कागद काकांपुढे सरकवले.

"लिहून द्या."

काकांनी लिहून दिलं. पहिल्या कागदावर "नजरचुकीने" असा शब्द पडला, तो कागद फाडला. दुसऱ्यावरही तोच शब्द वेगळ्या तऱ्हेने आला. तिसऱ्यावर लिहिलं, की कार्ड आजारी आहे हे मला माहीत होतं, आणि वायरमन यांनी मेन काढला होता. साहेबांनी कागद फाइलीत ठेवला आणि यापुढे कारखान्यात येऊ नका, एवढंच म्हणाले. हे काकांना हलकं वाटलं. याहून जास्त काही ऐकायची त्यांनी तयारी ठेवली होती.

अवघड पुढेच होतं. संध्याकाळी ते वायरमनच्या घरी गेले. वायरमनच्या बायकोने दार उघडलं, "या भाऊजी," म्हणून खुर्ची दिली. काका बसले नाहीत. उभ्या उभ्याच, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं.

वायरमन ऐकत होते. मग म्हणाले, "थांबा. म्हणजे मेन मी काढला होता?"

"काढला होता. कार्डच सडकं होतं. मला माहीत होतं."

काकांना वाटलं, आता हात उठेल. उठला असता तर बरंच झालं असतं. पण वायरमनचा चेहरा एखाद्या पास झालेल्या पोरासारखा उजळला.

"अगं, ऐकलंस का! मी काढला होता! मी म्हणत होतो ना तुला? माझे हात ठीक आहेत!" त्यांनी दोन्ही हात पुढे धरून उलटसुलट बघितले. "आणि तो बोळातला दिवा तीन आठवडे बंद ठेवलाय, शेजाऱ्याला बोलावू म्हणत होतो. वेडा की काय मी!" आणि स्टूल उचलून ते बोळात गेलेसुद्धा.

खोलीत काका आणि वायरमनची बायको राहिली. ती हसली नव्हती.

"कार्ड खराब आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हो वहिनी."

"हे झोपेतून उठून बसायचे. हवेत हात फिरवून बघायचे, खटका खाली केला होता की वर. मला विचारायचे, तुला काय वाटतं गं? मी काय सांगणार? मी होते का तिथे?" तिचा आवाज चढला नाही. "तीन आठवडे, भाऊजी. तुम्ही कुठे होता?"

काकांनी खूप शोधलं, पण दुसरं उत्तर नव्हतं.

"घरीच," ते म्हणाले.

बोळातून स्टूल सरकल्याचा आवाज आला. "काका, टेबलावरचा टेस्टर द्या हो जरा!" वायरमन हाक मारत होते, अगदी पूर्वीच्या आवाजात.

काकांनी टेबलाकडे हात नेला.

"राहू द्या," वायरमनची बायको म्हणाली. "मी देते." आणि टेस्टर उचलून ती बोळात गेली.