पहिल्या बक्षिसाचा पाय

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर दशरथ काही वर्षं उभा होता. उभा म्हणजे अक्षरशः उभा. इतर वॉचमन खुर्चीत पेंगतात, हा कधी बसला नाही. आमचे सेक्रेटरी श्यामसुंदर मूळचे कसब्यातले. इकडे येताना त्यांनी तिथली काटकसर बरोबर आणली. वापर नाही म्हणून त्यांनी गेटवरची खुर्ची उचलून क्लबहाउसमध्ये ठेवली. दशरथला ते बरंच वाटलं. बसलं की पँट वर सरकते, आणि त्याच्या पँटच्या उजव्या पायात गुडघ्याखाली प्लॅस्टिक होतं.

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. वॉचमन धडधाकट हवा, अशी सोसायटीची अट होती, आणि दशरथला ही नोकरी घालवायची नव्हती. पोटाचा प्रश्न नव्हता, फौजेचं पेन्शन येत होतं. पण सोसायटी उभी आहे ते त्याचं शेत. थोरले भाऊ आप्पासाहेब यांनी ते बिल्डरला दिलं. शेतातली उरली एक चिंच, गेटच्या आत, आजोबांनी लावलेली. वॉचमन असलं की तिच्याखाली कुणाला न विचारता उभं राहता येतं. एवढ्यासाठी हा माणूस दिवसभर त्या पायावर उभा राहायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन सोललेल्या कातडीला खोबरेल लावायचा.

श्यामसुंदरांची नात ऋचा कॉलेजात आहे. बुधवार पेठेत आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा होती. भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला नाही, हे योग्यच, असा विषय. चिठ्ठीत तिला अनुकूल बाजू आली. प्रतिकूल आली असती तर तीही तिनं तितक्याच तळमळीनं मांडली असती. पार्किंगमध्ये फेऱ्या मारत ती पाठ करत होती. आपली सीमा लांब, शेजारी असे, सुरुंग जावेत हे आपल्यालाही मान्य, पण आधी पर्याय हवा. शिवाय आपण सुरुंगांचे नकाशे ठेवतो, कुंपण घालतो.

दशरथ ऐकत होता. बराबर बोलतीयास, असं त्यानं तिला सांगितलं. याचा मला आजही राग येतो. त्याला ते मनापासून पटत होतं.

ऋचा म्हणाली, "काका, पॉइंट्स आहेत, पण इमोशनल काही नाहीये. जजेसना तेच लागतं."

पोरगी जिंकावी म्हणून दशरथनं चिंचेखाली पँट वर केली.

संसदेवर हल्ला झाला त्या हिवाळ्यात त्याची तुकडी पंजाबच्या सीमेवर होती. गव्हाच्या उभ्या शेतात यांनी सुरुंग पुरले. शेतकरी लांबून बघत राहिले, आणि वाघोलीच्या शेतकऱ्याचा पोरगा त्यांच्या गव्हात मरण पेरत गेला. पुढे ते काढायचा हुकूम आला. मधल्या पावसात एक सुरुंग सरकला होता. नकाशात तो जिथे होता, तिथे नव्हता. सगळं सांगून झाल्यावर त्यानं ऋचाला बजावलं, कुणाला सांगू नगंस.

तिनं नाव सांगितलं नाही, शब्दाची पक्की. 'आमच्या सोसायटीच्या गेटवर जे उभे असतात' एवढंच म्हणाली. एक पाय देऊनही ज्याला देशाची भूमिका पटते, तो माणूस हाच माझा मुद्दा, असा तिचा शेवट होता. पहिलं बक्षीस मिळालं. आजोबांनी कौतुकानं भाषणाचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. टाळ्यांचा, तिरंग्यांचा पाऊस पडला. मग बी विंगमधून एकानं विचारलं, म्हणजे आपला वॉचमन एका पायाचा आहे? चोर आला तर धावणार कोण? टाळ्या तिथेच थांबल्या.

दशरथला कमी करायचं, यावर कमिटीनं सभा घेतली. मी विरोधात बोललो. माझं एकट्याचं मत नोंदवून चहा आला.

आमची माणसं मात्र रीतभात पाळणारी. झेंडावंदनाला दशरथचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, आणि बसायला क्लबहाउसमधली तीच खुर्ची. तो आमच्यासमोर पहिल्यांदा बसला. पँट वर सरकली, आणि प्लॅस्टिकला हात लावायला पोरांची रांग लागली. ऋचानं भाषण पुन्हा केलं. सगळ्यांचे डोळे पाणावले, तिचेसुद्धा.

मग श्यामसुंदर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "दशरथराव, देशासाठी आपण पुष्कळ केलंत. उद्यापासून विश्रांती घ्या. गेटवर उभं राहायचं काम आहे, आपल्याला झेपायचं नाही."

दशरथनं नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"मी बसलो कवा, साहेब?"

श्यामसुंदरांनी घड्याळ पाहिलं आणि पेढे वाटायला निघून गेले.

नवा वॉचमन तरुण आहे, दोन्ही पायांचा. खुर्ची आता गेटवरच असते, तो तिच्यात बसून मोबाइल बघतो आणि गेट आम्हीच उघडतो. कुणाची तक्रार नाही. परवा दशरथ आला. चिंचेला कोवळा पाला फुटलाय, तेवढं बघून जातो म्हणाला. नव्यानं बसल्या बसल्या विचारलं, "कुणाकडे जायचंय? फ्लॅट नंबर सांगा."

मी गाडीतून उतरून तिथे पोहोचेपर्यंत दशरथ परत फिरला होता. आता लंगडणं लपवायचं कारण नव्हतं, तरी तो रस्ताभर सरळ चालत गेला.