रुमालात बांधलेली डबी

नोव्हेंबर १९७४, सोमवार, पहिली शिफ्ट. जागा: भोसरीकडची फाउंड्री, फेटलिंग खातं. हजर: मुंबईहून आलेले शिकवणारे सर, माझ्यासारखेच शिकायला आलेले औषध कंपनीतले एक केमिस्ट, खात्याचे फोरमन, ग्राइंडरवर दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि मी, त्याच फाउंड्रीच्या सुरक्षा विभागातला कारकून.

मला कारकुनी सोडून कारखान्यातली हवा मोजणारा माणूस व्हायचं होतं. कंपनीने प्रशिक्षणाला पाठवलं होतं आणि त्या दिवशीचं मोजमाप ही माझी परीक्षा होती. पण माझं लक्ष परीक्षेवर नव्हतं.

नुकत्याच झालेल्या भाऊबीजेला मोशीला गेलो होतो. ओवाळून झाल्यावर मी नेलेली साडी बहिणीने बाजूला सारली. म्हणाली, "हे ठेव. ह्यांना ठसका लागतोय. दोन उशा घेऊन बसल्यासारखे झोपतात. डॉक्टरचं नाव काढलं की शेतावर निघून जातात. तू ह्यांची छाती तपासून घे, हीच माझी ओवाळणी."

मी हो म्हणालो. हिशोब सोपा होता. फेटलिंगमध्ये साच्यातून काढलेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू घासून काढतात, ती पिठासारखी उडते. कमरेच्या पट्ट्याला पंप लावायचा, नळी वर घेऊन गाळणकागदाची डबी गळ्याजवळ अडकवायची. माणूस जी हवा ओढतो तीच पंप ओढतो. शिफ्ट संपल्यावर कागदाचं वजन वाढलेलं निघालं, की कंपनीला त्या माणसाचा एक्स-रे काढावाच लागेल, असं सरांनी व्यवस्थापनाकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणजे दाजींना मनवायची गरजच नव्हती. फोरमननी त्यासाठी निवडलं तेही दाजींनाच. "घरचेच आहेत, पळून जाणार नाहीत," म्हणाले.

मी डबी अडकवत होतो तेव्हा दाजी म्हणाले, "पाव्हणं, हे मंगळसूत्र कशापायी?"

शेजारचा ग्राइंडरवाला म्हणाला, "घाला, घाला. सासुरवाडीचा मान हाय."

"महागाचं असंल."

"माझ्या सहीवर आणलंय, दाजी. जपा," मी म्हणालो.

दिवसभर मी फेऱ्या मारत होतो. पंपाला हात लावला की थरथर कळायची, म्हणजे चालू होता. तोंडाभोवती आणि गळ्यावर त्यांनी पंचा गुंडाळला होता, सगळेच गुंडाळत. मधूनच ते ग्राइंडर थांबवून वाकत आणि खोकून पुन्हा कामाला लागत. मला वाटायचं, लवकर संपो ही शिफ्ट.

संपली. त्या खात्यातल्यांना धुळीवर उतारा म्हणून गुळाचा खडा मिळायचा. दाजी तो खात नसत, स्वच्छ रुमालात बांधून पोरांना नेत. त्या दिवशी त्यांनी खडा नुसत्या हातात घेतला. रुमाल कुठे गेला ते पंचा सोडल्यावर कळलं. डबीभोवती घट्ट बांधला होता, दोन गाठी मारून.

"बघा, कण बसू दिला न्हाई," दाजी म्हणाले. "तुमच्या सहीचं यंत्र हाय."

आतला कागद पांढराशुभ्र होता, त्याला गुळाचा वास येत होता. केमिस्टनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

सर हसले नाहीत. "नमुना बाद. का बाद, ते त्यांना समजेल असं सांगा. तेही तुमचं काम आहे."

मग मी सांगितलं. कागद म्हणजे तुमची छाती समजा. जे कागदावर बसतं ते आत बसतं. नीट, सावकाश, बोटाने दाखवून सांगितलं. सरांनी मान डोलावली.

दाजी ऐकत राहिले. "म्हंजी कागद काळा निघाला की फोटू काढणार."

"हो."

"आन् फोटूत काय दिसलं की गेटवर वॉचमन म्हून बसवणार. ना ओव्हरटाइम, ना काय. मागं एकाला बसवला न्हाई का?"

"तसंच होईल असं नाही, दाजी."

"व्हनार न्हाई म्हून लिहून देता?"

मी वहीत 'नमुना बाद' एवढंच लिहिलं.

पुन्हा नमुना घ्यायच्या दिवशी दाजी रजेवर. त्यानंतर ठरवलं त्या दिवशीही रजेवर. शेवटी शेजारच्या ग्राइंडरवाल्याच्या गळ्यात डबी अडकवली. त्याचा कागद करडा निघाला. त्याचा एक्स-रे झाला, छाती साफ होती. पुढे त्या रांगेवर धूळ ओढणारा पंखा बसला. मी पास झालो. त्याला आता काही वर्षं झाली. आज चाकणपर्यंतच्या कारखान्यांत मोजमापाला मलाच बोलावतात.

दाजी अजून त्याच ग्राइंडरवर आहेत, पंख्याखाली. उशा आता तीन झाल्या आहेत, असं बहीण सांगते. दर भाऊबीजेला ती ओवाळते, साडी घेते आणि विचारते, "आणि माझी ओवाळणी?" तेव्हा दाजी उठून गोठ्याकडे जातात.

परवा भाऊबीज. पिशवीत साडी, पेढे, भाच्यांचे फटाके ठेवून झाले. कंपनीबाहेरच्या एका एक्स-रेवाल्याकडे बुधवारची वेळ मागितली आहे. दाजींना अजून सांगितलेलं नाही.