जुन्या मापाचा कोट

मास्तरांनी दिलेली तारीख कधी चुकत नसे. बाजारात शिंपी पुष्कळ, पण "आज नाही, परवा या" हे ठरलेलं गाणं त्यांच्या दुकानात कुणी ऐकलं नव्हतं. आयुष्यात काय मिळवलंत, असं विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं: शब्द मोडला नाही. त्यासाठी ते उभ्या उभ्या जेवत, काजं करता करता पाहुण्यांशी बोलत आणि बायकोचं म्हणणं मशीनच्या खडखडाटात अर्धमुर्धं ऐकत. वेळ कसा वापरावा ते मास्तरांकडून शिकावं, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं म्हणायला.

घरच्यांचे कपडे अर्थातच शेवटी, आणि तेही माप न घेता. बायकोच्या मापाचे कागद दुकानात खिळ्याला लटकत असत. कापडावर ठेवायचे, कात्री चालवायची, झालं. तेवढाच वेळ वाचे.

यंदा थंडी पडली तशी बायकोने नवा कोट मागितला. त्याआधी दोन-तीनदा तिने डॉक्टरकडे सोबत येता का, असंही विचारून पाहिलं होतं. एवढा लग्नाचा सूट हातावेगळा होऊ दे, मास्तर म्हणाले. तो झाला, तर दुसऱ्या कुणाचा तरी आला. कोट मात्र त्यांनी एका दुपारी झपाट्यात शिवला आणि मोठ्या ऐटीत घरी नेला.

तिने तो घातला. खांदे दंडावर उतरले. पुढच्या बाजू एकमेकींवर चढून पार कुशीपर्यंत गेल्या. मास्तरांना आधी कापडाचा राग आला, मग कात्रीचा.

"माप चुकलं कसं?" ते पुटपुटले.

"माप बरोबर आहे," ती म्हणाली. "मी राहिले नाही तेवढी."

गिऱ्हाईक आत पाऊल टाकतं न टाकतं तोच त्याची छाती-कंबर नजरेनं जोखणारा हा माणूस. त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्या पाठीवर धरली. बोटांना हाडं लागली. टेपवरचा आकडा काही त्यांच्याने वाचवेना.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा सूट द्यायचा होता आणि अस्तर अजून लागायचं होतं. तो देऊन टाका आधी, दवाखान्याला एका दिवसानं काय होतंय, असं तीच म्हणाली. मास्तरांनी ऐकलं नाही. सकाळी अर्धवट सूट घेऊन ते शेजारच्या शिंप्याकडे गेले, ज्याला ते जन्मभर 'परवावाला' म्हणून हिणवत आले होते. त्याने सूट घेतला. मास्तर, तुम्ही आणि तारीख चुकवणार, असं विचारायचंही सोडलं नाही. मास्तर बायकोला घ्यायला घरी निघाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना विचारलं, वजन कधीपासून उतरतंय. मास्तर बायकोकडे बघू लागले.

"त्यांना काय विचारता," बायको म्हणाली, "उन्हाळ्यापासून."

"मग इतके दिवस आला का नाहीत?"

हे उत्तर मात्र तिने नवऱ्यावर सोडलं.

"मला सवड नव्हती," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी एकामागून एक तपासण्या लिहून दिल्या. बाहेर बाकावर दोघं नंबर लागायची वाट बघत बसली. बसवतंय का, त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. पण नुसत्या 'हो'वर त्यांचं समाधान होईना. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.