हॉबीपुरतं टिग मशीन

किस्से गोळा करायला मला कधी कष्ट पडले नाहीत. आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या मराठी डॉक्टर मंडळींत नुसतं तोंड बंद ठेवून बसायचं. वर्कबेंचखाली लोखंडाचा कीस साचतो तसे ते आपोआप साचतात. झाडून टाकले तरी पुढच्या रविवारी पुन्हा तेवढेच. आणि कीसच तो, त्यामुळे टोचतो.

हे सगळे किस्से एका टिग वेल्डिंग मशीनच्या खरेदीचे आहेत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी ब्रिस्टलहून इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून घरी आलो होतो. नापास झालो असतो तर मंडळींना समजलं असतं. पास होत असताना सोडलं, हे कुणाला पचेना. ब्रिस्टलमध्ये मी शनिवारी एका वर्कशॉपमध्ये जायचो. तिथे रॉन नावाच्या म्हाताऱ्याने माझ्या हातात टिगची टॉर्च, म्हणजे टोकाला ठिणगी पेटते तो दांडा, दिली. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात तार, आणि मधे मटाराएवढं वितळलेलं स्टील. दीड वर्षाच्या लेक्चर्समध्ये जे कळलं नाही ते त्या मटारात कळलं.

बाबा भूलतज्ज्ञ. मी वेल्डर होणार म्हटल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

"घरीच कर. गॅरेज रिकामं करून देतो, मशीन घेऊ. पण हॉबी म्हणून."

"आणि लोकांना काय सांगणार?"

"तेच. हॉबी."

तोवर मी जवळच्याच एका फॅब्रिकेशन शेडमध्ये रोज कामाला जायला लागलो होतो. ते बोलायचं नव्हतं. आई फोनवर सांगायची, "गॅप घेतलाय त्याने." मला मशीन हवंच होतं. ॲल्युमिनियमवर हात बसवायचा होता, आणि शेडमध्ये ते काम जुन्या लोकांनाच मिळायचं. पण त्याहून जास्त एक गोष्ट हवी होती. मी काय करतो ते बाबांनी एकदा चारचौघांत सांगावं. बस.

*

आमच्यात किटलीहून मोठं काहीही घ्यायचं झालं तर आधी मंडळींना विचारतात. घर, गाडी, मुलांची शाळा, एकदा तर एकाची गादी. त्यामुळे टिग मशीनही रविवारच्या जेवणात अजेंड्यावर आलं.

देशपांडे काका हृदयरोगतज्ज्ञ, म्हणून मंडळींचे प्रमुख. बंद पडलेल्या एका कारखान्याची जाहिरात त्यांनी कापून आणली होती. फ्रीजपेक्षा उंच मशीन.

"घ्यायचं तर सगळ्यात मोठं घ्यावं."

"काका, हे थ्री फेजवर चालतं."

"मग?"

"घराला एकच फेज असतो."

काकांनी बाबांकडे पाहिलं. "चार बेडरूमचं घर घेतलंस, आणि एकच?"

बाबा ओशाळले. खरोखर ओशाळले. पुढचा पाऊण तास कौन्सिलला लिहायचं की इलेक्ट्रिसिटी बोर्डाला यावर चर्चा झाली. मला कुणी काही विचारलं नाही. मी पुऱ्या वाढत होतो.

*

मग तज्ज्ञाचं मत घ्यायचं ठरलं. साठे काका ब्रिस्टलला एरोस्पेसमध्ये. त्यांच्याकडे बघूनच मला ब्रिस्टलला पाठवलं होतं. लहानपणापासून ते आम्हाला 'विमानं बांधणारे काका' म्हणून दाखवले गेले.

बाबांनी फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"डीसी घे," साठे काका म्हणाले. "एसी आता जुनं झालं."

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची साय धरलेली असते. ती फोडल्याशिवाय खालचा धातू नीट जुळत नाही, आणि टिगमध्ये ती फोडायला एसी लागतं. रॉनने हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेही सँडविच खाता खाता.

"मग काका, डीसीवर ॲल्युमिनियम कसं करायचं?"

"ते डिपार्टमेंट वेगळं."

"तुमचं कुठलं?"

"कॉन्ट्रॅक्ट्स."

बावीस वर्षं. शॉप फ्लोअरवर गेले होते का विचारलं, तर एकदा गेले होते म्हणाले, ग्रुप फोटोसाठी. फोन ठेवताना मलाच समजावलं, "डिग्री पुरी कर रे. नाहीतर जन्मभर मशीनपाशीच राहशील."

*

शेवटी आम्ही दुकानात गेलो. बाबा सूटमध्ये. सेल्समनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"फॉर युअरसेल्फ, सर?"

"येस," बाबा म्हणाले. "अ हॉबी."

मी मागे उभा राहून सांगत होतो. एसी आणि डीसी दोन्ही हवं. करंट कमीजास्त करायला फूट पेडल हवा. बाबा हात मागे करून मला थांबवत होते, हॉस्पिटलमध्ये नातेवाइकांना थांबवतात तसे. एसीवर मात्र मी हटलो नाही. दुकानातच बसकण मारीन म्हटल्यावर ते मिळालं. पेडल नाही मिळाला. "हॉबीला पेडल कशाला?"

मग सेल्समनने ड्यूटी सायकल समजावली. हे लहान मशीन, पस्तीस टक्क्यांचं. म्हणजे पूर्ण करंटवर दहा मिनिटांत साडेतीन मिनिटं वेल्डिंग करायचं, मग साडेसहा मिनिटं त्याला थंड होऊ द्यायचं.

मी म्हटलं, याच्यावर काम होणार नाही.

बाबांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "उत्तम आहे. उरलेल्या साडेसहा मिनिटांत अभ्यास करता येईल."

तेच घेतलं.

*

मशीन घरी आलं त्या दिवशी मी शेडवर होतो. परतलो तर त्याची पूजा झालेली. नवी गाडी आली की आमच्यात करतात तशीच, साग्रसंगीत. मशीनवर स्वस्तिक, ते एक वेळ ठीक. पण देशपांडे काकूंनी काही वगळलं नव्हतं. टॉर्चला हळदकुंकू. वेल्डिंगच्या तारांना एकेक करून कुंकू. निरांजनाचं तूप बेंचवर. माझ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यांवर नारळाचं पाणी.

टिगला बोटाचा घामसुद्धा चालत नाही. रॉन तार ॲसिटोनने पुसून मगच हातात घ्यायचा.

"आता कर सुरू," काकू म्हणाल्या. सगळे डोळ्यांवर हात धरून उभे. साफ करू द्या म्हटलं तर आई म्हणाली, "कुंकू पुसायचं नाही."

केलं. काळं, फसफसलेलं, भोकंच भोकं.

"बघा," काकू आईला म्हणाल्या, "दृष्ट लागली." आणि मीठमोहऱ्या आणायला आत गेल्या. मशीनची दृष्ट काढायला. मी म्हटलं, काकू, त्या कुंकवानेच झालंय. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"देवाचं केल्याने कधी कुणाचं बिघडलंय का?"

*

गॅसवर मात्र बाबा माझं काहीच ऐकेनात. "गॅसचं मला शिकवू नकोस. वीस वर्षं लोकांना गॅस देतोय."

वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून टिगमध्ये आरगॉन सोडतात. सावकाश, मिनिटाला सातआठ लिटर. बाबांनी पंचवीसवर नेला. "फ्लो जास्त असला की पेशंट सेफ."

जास्त जोरात सोडला की तो बाजूची हवा आत ओढतो. वेल्ड राखाडी पडला. मी निमूट आठवर आणला, दुसरा घातला. चकचकीत, एकावर एक ठेवलेल्या नाण्यांसारखा.

बाबांनी दोन्ही वेल्ड पाहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले.

"मटेरियल वेगळं असणार," म्हणाले आणि घरात गेले.

*

मग मंडळी गॅरेजकडे यायला लागली. पुढच्या दाराने नाही, बाजूच्या बोळातून. दिवाणखान्यात मी 'गॅप' होतो, बोळात कामाचा होतो. कुणाचं गेटचं बिजागर, कुणाच्या गाडीचा एक्झॉस्ट. स्टॅनमोरच्या एका काकांनी लॉनमोअर आणला आणि वर बजावलं, "कुणाला सांगू नकोस, तू असलं काम करतोस असं लोकांना वाटायला नको."

देशपांडे काकूंनी भारतातून आणलेला प्रेशर कुकर आणला. तळाशी तडा.

"काकू, हे नाही करणार. वाफेचं भांडं आहे. फुटलं तर तोंडावर येईल."

"एवढंसं येत नाही? मग कॉलेज सोडून शिकलास तरी काय?"

त्यांच्या यजमानांनी रोज माणसांची हृदयं तपासली तर ती विद्या. मी एक कुकर नाकारला तर मी ढ.

*

हॉस्पिटलमध्ये बाबांच्या थिएटरमधल्या एका स्टीलच्या ट्रॉलीचा पाय सांध्यातून सुटला. तिथल्या दुरुस्ती खात्याने कित्येक आठवडे लागतील म्हणून सांगितलं. एका संध्याकाळी बाबांनी ती स्वतः गाडीत घालून आणली आणि गॅरेजमध्ये आले. मी काम करत असताना ते तिथे कधी थांबायचे नाहीत. त्या दिवशी स्टुलावर बसून राहिले. मशीन थंड व्हायची वाट बघत आम्ही दोघं दर वेळी साडेसहा मिनिटं गप्प.

झाल्यावर त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला, शीर शोधताना फिरवतात तसा.

"सफाई आहे हाताला," म्हणाले. "उद्या अकराला आणून दे. सकाळी माझ्या गाडीत दोघंतिघं असतात, जागा नाही."

मी शेडमधून सुट्टी मागून घेतली. शेडची व्हॅन, अंगात ओव्हरऑल. थिएटरच्या कॉरिडॉरमध्ये बाबा उभे होते, सोबत पुण्याहून नुकतेच आलेले डॉक्टर गोखले. ते वाकून ट्रॉलीचा पाय बघायला लागले.

"सुरेख केलंय हो," ते मराठीत म्हणाले. "कोण हा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बुटांपासून वर.

"वेल्डर आहे."

"चेहरा आपल्याकडचा वाटतो."

"इथे सगळीकडचे असतात," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "थँक यू. जस्ट लीव्ह इट बाय द वॉल."

मी ट्रॉली भिंतीला लावली.

शेडमधली माणसं गिऱ्हाइकाला म्हणतात तसं, "राइट यू आर, डॉक्टर," म्हणालो.